पोटात गोळा यायचा नाद

— काय काकू, दोन दिवस दाराला कुलूप? कुठं गावाला?

— खोपोलीला गेलते की. इमॅजिकात.

— तुम्ही? त्या पाळण्यांच्या बागेत?

— हळू बोल, तिकडं भिंतीपलीकडं ऐकायला जातंय. पुण्याचा पुतण्या आला होता ना, आमच्या धाकट्या दिरांचा. म्हणाला, काकी, तू आख्खं आयुष्य इसबावीत काढलंस, चल. रात्री दोनला निघालो, टेंभुर्णीवरनं हायवेला लागलो. पोरं मागं झोपलेली आणि हा गाडी चालवत मला शिकवतोय. आज आपण अमुक वाजता पोचू, दार उघडलं की डावं-उजवं बघायचं नाही, थेट नायट्रो.

— नायट्रो म्हणजे?

— रोलर कोस्टर गं! 2013 साली ती बाग सुरू झाली ना मनमोहन शेट्टींची, आता संगमनेरच्या मालपाणींकडं आहे, त्यातलं सगळ्यात मोठं धूड. उंची सुमारे 40 मीटर, ताशी 100 किलोमीटरच्या वर पळतं आणि माणसाला पाच वेळा उलटं करतं. वर गाडीला तळच नाही. बसलं की पाय उघड्यावर लोंबकळतात. म्हणून चपला खाली काढून ठेवायच्या.

— अगंबाई. मग तुम्ही बसला?

— मला बीपी. तिथं पाटीच आहे, बीपीवाल्यांनी, काळीजवाल्यांनी, पोटुशींनी बसू नये. मी खाली बाकड्यावर. पाच जणांच्या चपला, तीन चष्मे आणि सगळ्यांचे मोबाईल घेऊन. पंढरपुरात जन्म गेला गं, कधी देवळाबाहेर चपला सांभाळायची पाळी आली नाही. ती खोपोलीत आली.

— (हसत) आणि रांग?

— रांगेचं काय घेऊन बसलीस. आषाढीला गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली दर्शनाची रांग बघणारी माणसं आपण. पण त्याच्या बायकोचा जीव कावला होता. कारण हा एकदा बसून उतरला, की परत रांगेत. आधी पुढच्या बाकावर, मग मागच्या. म्हणतो, पुढं बसलं की नजरेला मजा, मागं बसलं की अंगाला. पुढचे डबे उतरायला लागले की मागच्या डब्याला हिसका बसतो, तो माथ्यावरनं ओढला जातो. आणि दुपारी परत बसायचं, कारण ऊन झालं की चाकांचं वंगण पातळ होतं न् गाडी सकाळपेक्षा जोरात पळते.

— एवढं सगळं कुठं शिकला?

— नादच लागलाय. अबुधाबीला कंपनीच्या कामानं गेला, तर फेरारी वर्ल्डमध्ये जाऊन ताशी 240 वाल्या गाडीत बसून आला. तिथं डोळ्याला गॉगल लावून बसवतात, नाहीतर वाऱ्यात डोळे उघडत नाहीत. फोनमध्ये यादी आहे, आजवर कुठल्या कुठल्या कोस्टरवर बसला त्याची. एकेक म्हणजे एक ‘क्रेडिट’. अमेरिकेत ह्या नादाच्या लोकांचा क्लब आहे म्हणे, 1978 पासनं. आणि यादीत एक वाढावं म्हणून हा बाप्या लहान पोरांच्या छोट्या गाडीतही बसतो. गुडघे हनुवटीला. शेजारी चार वर्षांचं पोरगं त्याच्याकडं टकामका बघत होतं.

— मग घरच्यांनी काय करायचं?

— तेच तर. बाकीची आख्खी बाग त्याच्या लेखी नाहीच. सलीमगडात भुतं अंगावर येतात, ती याला पुठ्ठ्याची वाटतात. डायनोसॉरच्या बोटीत मी भिजले, खिदळले, आणि हा घड्याळ बघतोय. अंधारातल्या ‘डीप स्पेस’मध्ये गेला, कारण तेही कोस्टरच. बायको म्हणाली, ह्याच्याबरोबर बागेत येणं म्हणजे बाग सोडून सगळं बघणं. मागं एकदा कुठल्यातरी बागेत गेले होते, नेमकं त्या दिवशी मोठं कोस्टर दुरुस्तीला बंद. पोरं दिवसभर पाण्यात, आणि हा तोंड पाडून सावलीत.

— मग तो नाद कसला? उलटं मजाच गेली की.

— मलाही तसंच वाटलं. म्हणून जेवताना विचारलं, बाबा, खरं सांग, तुला आता भीती तरी वाटते का? म्हणाला, नाही. मग काय उरलं? तर म्हणतो कसा, काकी, भीती गेल्यावरच दिसायला लागतं. पहिल्यांदा बसणारा डोळे मिटतो, बोंब मारतो, उतरल्यावर त्याला काही आठवत नाही. मी डोळे उघडे ठेवतो. वर चढताना टक टक टक वाजतं ना, ते गाडी मागं घसरू नये म्हणून लावलेले खटके. साखळीनं वर नेलं की पुढं इंजिन नाही, मोटार नाही, नुसतं वजन आणि उतार. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच. चाकंही तीन तऱ्हेची, रुळावर, रुळाच्या बाजूला न् रुळाखाली, म्हणून उलटं झालं तरी निसटत नाही. आणि टेकाडावरनं गाडी खाली वळते तेव्हा आपलं अंग अजून वरच चाललेलं असतं, तेवढ्यात बूड बैठकीवरनं उचलतं. बस्स, तेवढ्यासाठी येतो म्हणाला. बाकी सगळी सजावट.

— ऐकूनच गोळा आला पोटात.

— मला सासऱ्यांची आठवण झाली. कार्तिकीला वाखरीच्या जनावरांच्या बाजारात जायचे. विकत काही घ्यायचं नसायचं. पंढरपुरी म्हैस दिसली की खांद्यामागं गेलेली शिंगं न्याहाळत अर्धा अर्धा तास उभे. यात्रा, तमाशा, जिलबी, काही दिसायचं नाही. सासूबाई वैतागायच्या, आणि हे म्हैस घेणाऱ्यापेक्षा खूश होऊन घरी यायचे.

— पण एक विचारू? आपल्या यात्रेतल्या पाळण्यात बसतो का तो अजून?

— नाही ना! लहानपणी इथंच बसायचा, पैशासाठी माझ्या पदराला लोंबकळायचा. परवा म्हटलं, आषाढीला ये, बस. तर म्हणाला, काकी, आता मी पाळणा बघत नाही, पिना बघतो. कुठली पिन वाकलीय, कुठल्या बोल्टला नट नाही. मोठ्या बागांत रोज सकाळी गाडी आधी रिकामी फिरवून बघतात. यात्रेत कोण बघतंय? म्हणजे बघ, ज्या पाळण्यानं नाद लावला, त्यातच बसायची सोय राहिली नाही. हे मात्र मला वाईट वाटलं. शहाणपणाची एवढी किंमत कशाला?

— तुमच्या बोलण्यातनं वाटतंय, मजा कमी झालीय त्याची.

— कमी कशानं? आक्रसलीय म्हण. आपल्याला बाग दिवसभर पुरते, त्याला दोन मिनिटं पुरतात, पण त्या दोन मिनिटांवर तो आठवडाभर बोलू शकतो. परतीच्या वाटेत इंदापूरपर्यंत इतिहासच. रशियात म्हणे बर्फाच्या टेकड्यांवरनं घसरायचे, मग 1884 ला अमेरिकेत कोनी आयलंडला पाच सेंटात गाडी. आणि वेग किती? ताशी दहाएक किलोमीटर! आपल्या रिक्षेला हसू येईल. तरी लोक रांगा लावायचे. मला आवडलं गं ते ऐकायला. बायको झोपली होती.

— तिचं आयुष्य ऐकण्यातच गेलं असणार.

— आता तिनंच तोड काढलीय. जेवणापर्यंत बाग ह्याची, एकट्यानं कितीही वेळा बसावं. जेवणानंतर फोन बंद आणि पोरं म्हणतील तिकडं. पुढच्या खेपेला हैदराबादच्या वंडरलाला जायचंय, तिथली गाडी लूप खाऊन गेली की त्याच वाटेनं उलटी, पाठमोरी परत येते. त्याच्या यादीत ती नाही, त्यामुळं जाणारच. सोलापूरवरनं जायचं.

— काकू, गाडीत एक जागा आहे का हो?

— आहे की. पण बसणार असशील तर आधी सांग, नाहीतर चपला तू सांभाळायच्या. मी ह्या खेपेला बीपीची गोळी घेऊन, डॉक्टरला विचारून, निदान त्या पोरांच्या छोट्या गाडीत बसणार आहे.