पातळ भाजी

आमच्या अंधेरीच्या घरात ब्रेडच्या कडेला हिरवा ठिपका दिसला की अख्खा पुडा कचऱ्यात. ह्या बाबतीत हिची नजर फौजदाराची. आणि त्याच घरात मी रोज रात्री डबीतला त्या-त्या वाराचा कप्पा उघडून दोन बुरसट घराण्यांचे वंशज गिळतो.

एक कोलेस्टेरॉलची, रोसुवास्टॅटिन. ह्या स्टॅटिन घराण्याचा मूळपुरुष अकिरा एंडो ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली तांदळावरच्या बुरशीतून शोधून काढला. दुसरी वॉर्फरिन. तिची कथा जास्त रंगतदार. अमेरिकेत बुरसटलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक ह्यांच्या प्रयोगशाळेत धडकला. पुढे त्यातून वॉर्फरिन निघालं, ते १९४८ साली बाजारात आलं उंदरांसाठी. माणसांचा नंबर त्यानंतर. हे मी घरात सांगितलं तेव्हा ही एवढंच म्हणाली, "तरीच!"

लोक वॉर्फरिनला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. रक्त काही दुधासारखं पातळ होत नाही. गोठायला वेळ लावतं, इतकंच. दाढी करताना जरा कापलं तर पेपरचा कपटा चिकटवून अग्रलेख वाचून होतो, तरी थेंब थांबत नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू झाली आणि माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लावतं त्याचं माप, अडीचवरून साडेतीनला पोचला. हवा दोन ते तीनच्या मध्ये. डॉक्टर हसले. "काका, अंधेरीचा नवा गोखले पूल बर्फीवाला पुलापाशी आला तेव्हा उंची जुळेना, आठवतं? बर्फीवाला उचलावा लागला. आपण वॉर्फरिन जरा खाली घेऊ." तेव्हापासून काही वारी अर्धीच गोळी. सुरीने कापताना एक तुकडा हमखास फ्रिजखाली. मग मी गुडघ्यांवर, हातात टॉर्च, आणि मागून हिचं, "अहो, उंदरांना राहू दे तो!"

खरी पंचाईत मेथीची. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व वॉर्फरिनच्या उलट चालतं. सोडायची नाही, पण दर आठवड्याला सारखीच खायची, असा हुकूम आहे. म्हणून दर मंगळवारी ताटात मोजून एक वाटी, लसणाची फोडणी दिलेली. लोकांच्या भाषेत रक्त दाट करणाऱ्या ह्या भाजीला आमच्याकडे मेथीची पातळ भाजी म्हणतात. परवा पळी पुन्हा पातेल्याकडे गेली, तर हिने झाकणच ठेवलं.

"मंगळवार संपला," म्हणाली.