चाकरमान्यांचा मे महिना

2020च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, आंब्याला प्रवासाची मुभा होती, खाणाऱ्याला नव्हती. देवगडचा हापूस टेम्पोत बसून रुबाबात मुंबईला आला, सोसायटीच्या गेटवर उतरला, अंगावर सॅनिटायझरचा फवारा मारून घेतला आणि वर गेला. चाकरमानी मात्र ई-पासच्या अर्जात ‘प्रवासाचे कारण’ या रकान्यापाशी अडलेला. तिथे ‘फणस’ लिहून भागत नव्हतं.

काहींनी तरीही गाव गाठलं. वेशीवर स्वागताला बांबू आडवा. एरवी मुंबईकराची खाऊची पिशवी आधी चाचपणारे भाऊबंद लांबूनच म्हणाले, “येवा, पण थंयच ऱ्हवा!” मग चौदा दिवस मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या म्हणून मार्चमध्ये नाचलेली पोरं भर मे महिन्यात पाढ्यांच्या तक्त्याखाली चटई टाकून झोपली. खिडकीतून आजोळचा रायवळ आंबा दिसे; त्यावर शेजारची पोरं चढलेली. मामा घावन्यांचा डबा फाटकावर ठेवून चोरासारखा पळायचा. आजी तेवढी रोज कुंपणापाशी येऊन विचारायची, “शाळा कधी सुटतली रे तुझी?”