पुरावेवाले काका

ऐतिहासिक कादंबरी बाकीचे लोक वाचतात. पुरावेवाले काका ती तपासतात. पुण्यातल्या वाचनकट्ट्यांवर असे एक काका बहुधा असतातच. बँकेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं, हातात पुस्तक आणि त्यातून डोकावणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या. पानिपतावर निघालेल्या सरदाराच्या ताटात लेखकाने साबुदाण्याची खिचडी वाढली, की यांची संध्याकाळ सार्थकी लागली. सरदार पुढे मेला की जगला, याच्याशी काकांना कर्तव्य नसतं.

कोथरूडच्या एका कट्ट्यावर सारा ग्रुएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ ही 2006 सालची अमेरिकन कादंबरी चर्चेला आली. काळ 1931चा, महामंदीचा. आगगाडीने गावोगाव हिंडणारी बेन्झिनी ब्रदर्स सर्कस, शेवटची परीक्षा अर्धवट टाकून तिच्यात शिरलेला पशुवैद्यकाचा विद्यार्थी जेकब, आणि रोझी नावाची हत्तीण. जेकबचं प्रेमप्रकरण बरोबर की चूक, यावर मंडळींना बोलायचं होतं. बाकरवडीची बशी फिरायच्या आत काकांनी पहिली चिठ्ठी काढली.

“आल्याचा अर्क पिऊन माणसाचे पाय लुळे पडले म्हणे! आपण रोज आल्याचा चहा पितो.”

सगळ्यांनी नकळत हातातल्या कपाकडे पाहिलं. खरं तर दोष आल्याचा नव्हताच. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि तल्लफ भागवायला लोक ‘जमैका जिंजर’ नावाचा औषधी अर्क ढोसत. 1930 साली त्यात एका औद्योगिक रसायनाची भेसळ झाली आणि हजारोंचे पाय गेले.

दुसरी चिठ्ठी रोझीची. तिला इंग्रजी हुकूम कळत नाहीत, पोलिश कळतात, हे काकांना साफ नामंजूर. हत्तीला ज्या भाषेत शिकवावं, त्याच भाषेतले हुकूम तो ओळखतो, असं कुणीतरी समजावून पाहिलं. त्यावर कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या, “आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांना तरी कुठे मराठी कळतं? सगळी ‘सिट’ म्हटल्यावरच बसतात.” काकांनी हे वहीत घेतलं नाही.

गंमत म्हणजे पगार वाचवायला सर्कसवाले रात्री चालत्या गाडीतून मजुरांना खाली ढकलतात, या प्रसंगावर एकही चिठ्ठी नव्हती. “मंदीत होतं असं,” काका थंडपणे म्हणाले. नोकरीतली 35 वर्षं बोलली.

मग ठरल्याप्रमाणे गाडी सांगलीकडे वळली. अमेरिकेची सर्कस असो की रशियातली क्रांती, काकांची गाडी शेवटी सांगलीलाच लागते. पण इथे ते पक्के असतात, हे मान्य करायला हवं. संस्थानिकांचे घोडे तयार करणाऱ्या सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस पाहिली आणि 1880 साली स्वतःची उभी केली. ती पहिली भारतीय सर्कस. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या पिंजऱ्यात वाघ-बिबट्यांना नाचवत होते. “आणि या बाईंनी धोत्र्यांचं नावही घेऊ नये?” काकांचा आवाज चढला. धोत्रे रिंगलिंगमध्ये गेले 1940 साली आणि कादंबरी घडते 1931मध्ये, हे एका कॉलेजच्या मुलीने हळूच सांगितलं. तारखेच्या बाबतीत काकांना कुणी पकडण्याची कट्ट्यावरची ही पहिलीच वेळ. दोन मिनिटं फक्त बाकरवडीचा कुडुमकुडुम आवाज येत होता.

पण हुकमाची चिठ्ठी अजून शिल्लक होती. रोझी स्वतःचा खुंटा उपटते, तो घेऊन सरबताच्या पिंपापाशी जाते, लेमोनेड फस्त करते, परत येते आणि खुंटा जागच्या जागी रोवून भोळ्या चेहऱ्याने उभी राहते. “हा निव्वळ सिनेमा आहे!” काका कडाडले.

तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी पुस्तक शेवटून उघडून लेखिकेची टीप काढली. या प्रकारच्या तपासनिसांचं एक असतं: पान न् पान तपासतात, टिपेपाशी पोचत नाहीत. लेमोनेड चोरणारी हत्तीण सर्कसवाल्यांच्या खऱ्या किश्श्यांतली निघाली. तोच प्रकार सिंकखाली एकमेकांना घाबरून अडकून बसलेल्या सिंहाचा आणि भांडी घासणाऱ्याचा.

काकांनी चष्मा पुसला. “खरं असेल,” ते म्हणाले, “पण मग कादंबरीत घालायला नको होतं. लोकांना खोटं वाटतं.”

पुढच्या महिन्यासाठी मंडळींनी एकमताने 2300 सालात घडणारी विज्ञानकादंबरी निवडली. काकांनी पिवळ्या चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा फोडला आणि विचारलं, “2300 म्हणजे इसवी सन, की शके?”