तिकीट लावा, शोध लागतो

मुंबईत हल्ली दर शनिवारी एक शोध लागतो. शुक्रवारी रात्री फोनवर त्याची वर्दी येते, शनिवारी संध्याकाळी वांद्र्याला नाहीतर लोअर परळला तो पाहायला रांग लागते, आणि सोमवारी ऑफिसात ज्याच्या कानावर तो आलेला नसतो त्याच्याकडे सगळे एकादशीला ऑम्लेट मागणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. या शोधांना प्रयोगशाळा लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही. एक पिवळा दिवा, एक इंग्रजी नाव आणि भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड एवढ्यावर काम भागतं.

सध्या सर्वांत जोरात असलेला शोध म्हणजे भजन क्लबिंग. तरुण मुलंमुली अंधाऱ्या सभागृहात जमतात, गिटार आणि ड्रम्सच्या साथीवर भजनं म्हणतात, हातात ग्लास असतो पण त्यात चहा किंवा ताक असतं, आणि सगळे वेळेवर घरी जाऊन झोपतात. ज्या आईबापांनी मुलगा क्लबात जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले होते, त्यांना देवानेच परस्पर क्लबात जाऊन हा तोडगा काढलेला पाहून गहिवरून आलं असेल.

आता विरार, कर्जत, कसाऱ्याहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये एकदा चढून बघा. टाळ आहेत, ढोलकी आहे, एक बुवा आहेत, मागे झील ओढणारे दहा-बारा जण आहेत. अंधार नाही, पण बोगदा आला की तोही फुकट मिळतो. दसऱ्याच्या सुमाराला डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. हे सगळं गेली कित्येक दशकं चालू आहे आणि तेव्हापासून त्याच्या तक्रारीही चालू आहेत. गाडीत इतर प्रवाशांना उपद्रव देणं रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे तेच टाळ, तोच विठ्ठल. पावणेआठच्या लोकलमध्ये तो उपद्रव, रात्री पावणेआठला लोअर परळला ती मनःशांती.

आमच्या लाईनीवरच्या एका मंडळाच्या बुवांना मी म्हटलं, "बुवा, तुम्हीही तिकीट लावा की." बुवा दचकले. म्हणाले, "तिकीट? अहो, आम्ही पास काढलाय!"

या एका उत्तरात बुवांचं सारं व्यावसायिक अपयश आलं. शोध लावायचा तर माणसाला दोन गोष्टी यायला हव्यात. जे सगळे करतात ते आपणच पहिल्यांदा करतोय असा चेहरा, आणि दाराशी एक मुलगा, जो मनगटाला कागदी पट्टी बांधतो. बुवांच्या मनगटाला फक्त लाल दोरा असतो.

महिलांच्या डब्यात तर शोधांची खाणच आहे. तिथे बदलापूरपर्यंत वाटाणे सोलले जातात, मेथी निवडली जाते. कुणी बोलत नाही, नजर शेंगेवर, मन शेंगेत. याला जुहूला माइंडफुलनेस म्हणतात आणि त्यासाठी चटई घरून आणावी लागते. फरक इतकाच, की जुहूच्या कार्यशाळेतून बाई शांत होऊन परततात, आणि बदलापूरच्या गाडीतून बाई शांत होऊन, रात्रीची भाजी निवडून परततात.

आता पिकलबॉलकडे वळू. शहरातल्या ज्या मोकळ्या जागेवर अजून टॉवर उभा राहिलेला नाही, तिथे निळं-हिरवं पिकलबॉल कोर्ट उभं राहिलं आहे. ते तासावर भाड्याने मिळतं. खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर चंद्रावर उतरल्याचं तेज असतं. या कोर्टाचं माप 44 फूट बाय 20 फूट. बॅडमिंटनच्या दुहेरीचं कोर्ट किती असतं? 44 बाय 20. 1965 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुट्टीला जमलेल्या कुटुंबांना बॅडमिंटनचं पुरतं सामान सापडेना. तेव्हा टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं पडलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन, जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच त्यांनी वेळ मारून नेली. आपल्याकडे मे महिन्यात शटलकॉक गच्चीवरून खाली गेलं की पोरं हेच करतात. फक्त त्यानंतर कुणी संघटना काढत नाही.

आणि त्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम कुठे बांधले गेले? पुण्याच्या छावणीत. 1870 च्या दशकात तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हा खेळ इतका लागला, की त्याचं एक नावच 'पूना' पडलं होतं. म्हणजे खेळ पुण्याहून विलायतेला गेला, तिथून अमेरिकेला, तिथे त्याची बॅट आखूड झाली, आणि आता तो अंधेरीत तासाच्या दराने परत आला आहे. भारतात पिकलबॉल रुजवला तोही एका मराठी माणसाने, सुनील वालावलकरांनी. अखिल भारतीय संघटनेची स्थापना 2008 ची. तेव्हा या खेळासाठी कुणी रांग लावली नव्हती, कारण तेव्हा तो खेळ होता, शोध नव्हता. ही सगळी हकिकत पुणेकरांच्या कानावर घालू नये अशी विनंती आहे. ते कोर्टाच्या भाड्यात वाटा मागतील.

खाण्याच्या बाबतीत तर शहर रोज नवं काही शोधून काढतं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं आणि नाचणीचं नशीब उघडलं. कोकणातून गिरणगावात आलेली माणसं नाचणीची भाकरी डब्याच्या झाकणाआड खात, कारण ती काळी दिसे आणि शेजारच्या डब्यात पांढरी पोळी असे. आज तीच नाचणी मुद्दाम काळ्या बशीत, काळ्या टेबलावर, तिच्या काळेपणाचे पैसे लावून येते. आंबील गार करून काचेच्या बरणीत भरली की तिच्यावर गट हेल्थ असं लिहितात. पोटाला इंग्रजी समजतं, हा या शतकाचा खरा वैद्यकीय शोध.

पण या प्रांतातला मुकुटमणी म्हणजे हळदीचं दूध. कॅफेत त्याला टर्मरिक लाटे म्हणतात आणि वर फेसाचं पान काढून देतात. इथे मात्र थोडा इतिहास आठवायला हवा. 1995 साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं. संशोधक दोघेही भारतीय वंशाचेच, म्हणजे त्यांच्याही गुडघ्यांना लहानपणी हळद लागलेली असणार. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने पेटंटला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांतले दाखले समोर ठेवले, आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. सगळ्या युक्तिवादाचं सार एका वाक्याचं होतं: जे आमच्या आजीला ठाऊक होतं, तो तुमचा शोध नव्हे.

ही आजीची कसोटी अमेरिकेत टिकली, पण पाली हिलला टिकलेली नाही. देशाने वकील लावून सात समुद्रापलीकडे जे सिद्ध केलं, ते चिमूटभर हळदीसाठी चार आकडी बिल फाडून आपण घरच्या घरी असिद्ध केलं.

कसोटी हातात आहेच, तर आणखी काही शोधांना लावून बघू. सपर क्लब: अनोळखी माणसं एका टेबलावर बसतात, बाई जे रांधतील ते खातात, मेनू विचारायचा नसतो. गिरणगावात याला खानावळ म्हणत. तिथेही अनोळखी माणसं पंगतीला बसत, पानात पडेल ते खात, आणि मेनू विचारणाऱ्याला बाई एकदाच असं बघत की पुन्हा तो विचारत नसे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते सावकाराच्या व्याजातून त्यांची मान सोडवायला. कुणी त्याला क्युरेटेड अनुभव म्हटलं नाही. 1982 चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, खानावळी रोडावल्या. परळच्या एका मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी मात्र राखून ठेवली आहे. तिच्यासमोर फोटो फार छान येतात.

थ्रिफ्ट स्टोअर: दुसऱ्याचे जुने कपडे तिसऱ्याने विकत घ्यायचे आणि पृथ्वी वाचवायची. आमची बोहारीण हेच करत होती, वर पातेलं देत होती. चार साड्यांवर स्टीलचा डबा द्यायला ती तयार नसे, पाचवी साडी मागे, त्यावरून दारात तासभर रण पेटे. चक्राकार अर्थव्यवस्थेवर एवढी जिवंत चर्चा कुठल्याही परिषदेत झालेली नाही.

बोर्ड गेम कॅफे: दोन तासांचे पैसे भरायचे आणि कॅरम खेळायचा. सोबत चहा, त्याचे वेगळे. चाळीच्या गॅलरीत कॅरमवर एक बल्ब लोंबत असे, पावडर संपली की आईची टाल्कम चोरली जाई, आणि राणी कुणाची यावरून सुरू झालेला वाद पुढच्या गणपतीत वर्गणी मागायच्या वेळी मिटे. तिथे वेटर नव्हता. पण ज्याची पाळी नसे असा एक काका असे, जो दोन्ही बाजूंना चुकीचा सल्ला विनामूल्य देत असे.

इथवर ऐकून माझा भाचा कंटाळला. तो पवईच्या अडतिसाव्या मजल्यावर राहतो आणि वर उल्लेखलेल्या बहुतेक शोधांचा नियमित ग्राहक आहे. म्हणाला, "मामा, फुकट होतं, फुकट होतं, हे मलाही कळलं. पण आता ते कुठं मिळतं ते सांग. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. शेजारच्या घरात किती माणसं आहेत ते मला पार्सलवाल्याकडून कळतं. कॅरम कुणाशी खेळू? लिफ्टशी?"

प्रश्न बिनतोड होता, आणि या शहराच्या सगळ्या शनिवारी शोधांचं मूळ त्यातच आहे. भाच्याला भजन हवंय असं नाही, नाचणी तर मुळीच नको आहे. त्याला हवी आहे अशी एक जागा, जिथे काही न ठरवता चार माणसं भेटतील. ती जागा चाळीला गॅलरीच्या रूपात आपोआप मिळाली होती. घर एवढंसं होतं, म्हणून माणूस बाहेर बसत होता. आता घर मोठं झालं, दार बंद झालं, आणि बाहेरची जागा पार्किंगमध्ये गेली. उरलेला मोकळेपणा तासावर भाड्याने देण्याचा धंदा कुणी ना कुणी काढणारच होता.

म्हणून चाळीच्या आठवणीने गळा काढायचं कारण नाही. वरळीच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. तिथल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याआधी खोली होती 160 चौरस फुटांची. त्या दिवशी तिथे गॅलरी गेली म्हणून कुणी उपोषणाला बसल्याचं ऐकिवात नाही. चाळीवर सर्वाधिक प्रेम करतो तो चाळीतून वेळेवर बाहेर पडलेला माणूस. आणि एवढे शोध लागत असताना गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासाचा शोध अजून एकाही कल्पक तरुणाने लावलेला नाही, हे ध्यानात घ्या. खरं तर त्यात काय कमी होतं? पहाटेची वेळ, हातात टमरेल, सामूहिक रांग, संयमाचा सराव, शेजाऱ्याशी मोकळा संवाद. याचं तिकीट खपणार नाही, कारण याची आठवण असलेली माणसं अजून हयात आहेत.

तेव्हा गेलेली चाळ परत आणू नका, ती येणारही नाही. तिच्यातलं जे एकच उचलण्यासारखं होतं, त्याची सोय तुमच्या इमारतीत आजही आहे. तिला गच्ची म्हणतात. ती सगळ्या सभासदांची असते आणि तिला कायम कुलूप असतं. का, असं विचारलं तर टाकीचं पाणी, मुलांची सुरक्षा आणि मागे एकदा कुणीतरी वाळत टाकलेले पापड अशी तीन कारणं सांगितली जातात. तिची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

ती मागा. या शनिवारी कॅरम वर न्या, बल्बची वायर न्या, टाल्कम घरातली घ्या. शेजारच्या दाराची बेल वाजवा आणि पार्सलवाला सोडून तिथे आणखी कोण राहतं ते बघा. सेक्रेटरी नाही म्हणाले तर वार्षिक सभेत विषय घ्या, हात वर करून मतदान मागा. हरलात तरी संध्याकाळ चार माणसांत जाईल, चहा-बिस्किटं सोसायटीच्या खर्चाने मिळतील, आणि दाराशी मनगटाला पट्टी बांधणारा मुलगा नसेल.