वारशानं आलेलं हसू

१९३२ साली डिस्नीनं 'मिकीज रेव्ह्यू' नावाचा एक छोटा बोलपट काढला. त्यात मिकी आणि मंडळी रंगमंचावर कसरती करत होती, आणि समोरच्या प्रेक्षकांत एक दाढीवालं, चष्मा लावलेलं, लांब कानांचं ध्यान शेंगा खात बसलं होतं. कथेत त्याला काही काम नव्हतं. त्यानं फक्त हसायचं होतं, आणि तेही अशा आवाजात, की शेजारच्या प्रेक्षकांनी वैतागून मागं वळून पाहावं. पिंटो कॉल्विग नावाच्या कलावंतानं ते हसू दिलं होतं. घशात अडकलेला उंट बाहेर यायचा प्रयत्न करत असावा, तसं. पडद्यावरच्या प्रेक्षकांना ते आवडलं नाही, पण पडद्याबाहेरच्यांना आवडलं असावं, कारण या पात्राची दाढी गेली, चष्मा गेला, 'डिपी डॉग' हे मूळ नावही गेलं आणि हसू तेवढं राहिलं. माणसं आधी जन्माला येतात आणि मग कधीतरी हसायला शिकतात. गूफीच्या बाबतीत हसू आधी जन्मलं आणि त्याच्याभोवती पुढं हळूहळू गूफी जमा होत गेला.

त्या हसण्याची लाज वाटणारा मुलगा गूफीला होईल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसणार. डिस्नीच्या जगात मुलं सहसा होत नाहीत. तिथं पुतणे असतात. डोनाल्डला तीन, मिकीला दोन. आईबाप कोण, कुठं असतात, पैसे पाठवतात का, असल्या चौकश्या करायच्या नाहीत. (गूफी हाही कुत्रा आणि प्लूटो हाही कुत्राच, मग एक टोपी घालून मोटार चालवतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात पट्टा का, हीही विचारायची गोष्ट नाही. प्रत्येक समाजात काही प्रश्न न विचारण्यावरच सगळ्यांचं बरं चाललेलं असतं.) गूफीला मात्र थेट मुलगा मिळाला. १९५१ च्या 'फादर्स आर पीपल' या लघुपटात तो चक्क कचेरीत जाणारा, कर्जाचे हप्ते भरत असेल असं वाटणारा गृहस्थ होता. घरात मुलगा होता, बायकोही होती, फक्त तिचा चेहरा कधी दाखवला नाही. पुढं १९९२ साली 'गूफ ट्रूप' ही दूरदर्शन मालिका आली तेव्हा मुलाचं नाव मॅक्स झालं आणि बायको चेहऱ्यासकट नाहीशी झाली. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. घरात दोघंच, बाप आणि लेक.

त्या दोघांवर १९९५ च्या एप्रिलमध्ये 'अ गूफी मूव्ही' आला. आदल्या वर्षी 'द लायन किंग'नं जग जिंकलं होतं आणि दोन महिन्यांनी 'पोकाहाँटस' यायचा होता. या दोन वरातींच्या मधल्या वेळात हा चित्रपट रस्त्याच्या कडेनं निघून गेला. दिग्दर्शक केव्हिन लिमा यांचा तो पहिलाच चित्रपट. डिस्नीच्या मुख्य स्टुडिओचा मानही त्याला नव्हता. तो दूरदर्शन विभागाचं अपत्य होता, आणि त्याचं बरंचसं चित्रांकन पॅरिसच्या स्टुडिओत झालं, काही सिडनीत. अमेरिकेचे ते लांबच लांब महामार्ग, पेट्रोलपंप, मोटेलं, उन्हात तापलेल्या पाट्या, सगळं रेखाटण्यात सीन नदीकाठच्या माणसांचा मोठा वाटा आहे, हे कळल्यापासून मला तो प्रवास जास्तच खरा वाटू लागला आहे. दुसऱ्याचा रस्ता दुरून पाहणाऱ्यालाच जरा नीट दिसतो.

चित्रपट सुरू होतो मॅक्सच्या स्वप्नानं. वाऱ्यावर डोलणारं सोनेरी शेत, समोर रॉक्सॅन नावाची तांबूस केसांची मुलगी, आणि आता काहीतरी गोड घडणार इतक्यात मॅक्सचे दात पुढं येऊ लागतात. कान लोंबतात, पाय फुगतात आणि तोंडातून ते पुरातन हसू बाहेर पडतं. तो बाप झालेला असतो. दचकून उठतो बिचारा. मोठ्यांना पडणारी दुःस्वप्नं साधी असतात, रेल्वे चुकते, गणिताचा पेपर कोरा राहतो. त्या वयातलं दुःस्वप्न याहून भयंकर असतं, त्यात आपण आपल्या वडिलांसारखे दिसू लागतो. पुढं चाळिशी उलटल्यावर तेच स्वप्न जागेपणी पडतं, दाढी करताना, आरशासमोर, आणि तेव्हा किंचाळावंसंही वाटत नाही. माझे वडील फोन ठेवण्याआधी दोनदा 'बरं' म्हणत, आणि मला त्याचा विलक्षण राग येई. मी हल्ली तीनदा म्हणतो.

तर शाळेच्या शेवटच्या दिवशी हा मॅक्स भर सभेत रंगमंच बळकावून पॉवरलाइन नावाच्या लाडक्या गायकाच्या वेशात नाचतो. हेतू एकच, रॉक्सॅननं आपल्याकडं पाहावं. ती पाहतेही. पण मुख्याध्यापकांचा फोन गूफीला जातो आणि त्यात मुलाचा प्रवास थेट विजेच्या खुर्चीपर्यंत नेऊन पोचवलेला असतो. शाळांना पालकांशी मोजूनमापून बोलता येत नाही, हे सार्वत्रिकच दिसतं. गूफी एका मॉलमध्ये लहान मुलांचे फोटो काढायची नोकरी करत असतो. दिवसभर परक्यांच्या पोरांना हसवणारा हा माणूस स्वतःच्या पोराच्या काळजीनं गारठतो, आणि जगातल्या बहुतेक बापांना सुचतं तेच त्यालाही सुचतं. आपल्या बापानं आपल्याला जिथं नेलं होतं, तिथं याला न्यायचं. आयडाहोतलं लेक डेस्टिनी नावाचं तळं, मासे धरायची काठी, आणि वडिलांबरोबर गेलेल्या रस्त्याचा जुना नकाशा.

आपल्याकडं मासे धरायला नेत नाहीत, गावी नेतात. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला कोकणातल्या आमच्या वाडीत मुद्दाम एक विहीर दाखवायला नेलं होतं. तिच्यात ते पोहायला शिकले होते. जाऊन पाहतो तर विहिरीवर सिमेंटचा स्लॅब घातलेला, वर कोणीतरी आमसुलं वाळत टाकलेली. मी मनातल्या मनात परतीच्या एसटीची वेळ मोजू लागलो. वडील मात्र चपला काढून त्या स्लॅबवर चढले आणि आमसुलांच्या मधोमध उभं राहून, हात डोक्यावर जोडून, सूर कसा मारायचा ते त्यांनी मला रीतसर दाखवलं. गुडघे किती वाकवायचे, श्वास कधी धरायचा, सगळं. मी इकडं तिकडं पाहत होतो, कोणी ओळखीचं बघत तर नाही ना म्हणून. त्या गावात माझ्या ओळखीचं कोणीही नव्हतं.

गूफीचाही एक सूर आहे, 'परफेक्ट कास्ट'. गळ टाकायची ही घराण्याची खास पद्धत, आजोबांकडून बापाकडं आलेली. हात असा, कंबर अशी, मग एक गिरकी. मॅक्सला ती शिकताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण त्याचा जीव अडकलाय लॉस एंजेलिसमध्ये. ऐन वेळी ठरलेली भेट रद्द करावी लागली म्हणून त्यानं रॉक्सॅनला थाप मारली आहे, की बाबा मला पॉवरलाइनच्या कार्यक्रमाला नेतायत आणि मी तिथं रंगमंचावर दिसेन. एका थापेखातर अख्खा देश आडवा ओलांडणं भाग पडलेल्या माणसाला मुक्कामाला मिळतं काय, तर लेस्टर्स पॉसम पार्क. मोडकळीला आलेली यांत्रिक खारूताईसारखी जनावरं तिथं कर्कश गाणी म्हणतात, आणि त्यांच्या तालावर बाप सगळ्यांसमक्ष पोराला नाचायला ओढतो. बापाच्या आठवणीतलं ते ठिकाण नक्कीच झगमगतं असणार. बापांच्या आठवणींतले बल्ब कधी जात नाहीत.

मग ती रात्र. बिगफूट नावाचं अवाढव्य केसाळ जनावर बाहेर आहे आणि बापलेक मोटारीत कोंडलेले. गूफी सिगारेट पेटवायच्या यंत्रावर डब्यातलं सूप गरम करतो. अक्षरांच्या आकाराच्या शेवयांचं सूप. लहानपणी मॅक्स त्यातून शब्द जुळवायचा, ही आठवण बाप सहज काढतो. थोड्या वेळानं मॅक्स कप पुढं करतो, आणि त्यात दोनच शब्द तरंगत असतात, बापाला उद्देशून केलेला एक साधा नमस्कार. इथं प्रेक्षकाचे डोळे भरून येतात आणि लेखकमंडळी बनेल, ती याच रात्री, याच मोटारीत, बाप झोपल्यावर मुलाच्या हातात पेन्सिल देतात. मॅक्स नकाशावरची आयडाहोची रेघ खोडतो आणि लॉस एंजेलिसची काढतो. सूप खरं आणि खाडाखोडही खरी. दुसऱ्या दिवशी गूफी मोठ्या विश्वासानं जाहीर करतो, की यापुढं वाट दाखवायचं काम मॅक्सचं. नकाशा त्याच्याच हाती.

शेजारी पीट हा गूफीच्या नेमका उलटा. त्याचा मुलगा पीजे बापापुढं ब्र काढत नाही. पोराला अंगठ्याखाली ठेवावं, या मताचा तो. पोरांचं बोलणं भिंतीआडून ऐकून तोच येऊन सांगतो, की तुझा मुलगा तुला फसवतोय. गूफी म्हणतो, कसाही असला तरी त्याचं माझ्यावर प्रेम आहे. पीट म्हणतो, माझा मुलगा माझा मान ठेवतो. विनोदी चित्रपटात दोन बापांनी भर रात्री एकमेकांसमोर आपापली मिळकत अशी मोजून दाखवावी, हे मला फार धाडसाचं वाटतं. आमच्या पिढीचे बहुतेक वडील दुसऱ्या खात्यात पैसे भरत राहिले आणि निवृत्तीनंतर पहिल्या खात्याची पासबुकं शोधत बसले.

नकाशा बघायचा नाही असं ठरवूनही गूफी तो बघतो. माझ्या मते चित्रपटाचा प्राण त्यानंतरच्या दोन मिनिटांत आहे, सुरेल शेवटात नव्हे. तो मुलाला काही बोलत नाही. मोटार चालवत राहतो. पुढं रस्त्याला फाटा फुटतो, एकीकडं आयडाहो, दुसरीकडं लॉस एंजेलिस. बाप विचारतो, कुठं वळू? त्याला ठाऊक आहे. मुलाला ठाऊक नाही की त्याला ठाऊक आहे. क्षणभर मॅक्सचं मन हेलकावतं, आणि तो डावीकडं म्हणतो. ज्याला साधा जिना धडपणे उतरता येत नाही, ज्याच्या आपटण्यावर तीन पिढ्या हसल्या, तो माणूस ते वळण मुकाट्यानं, अगदी अचूक घेतो. बिल फार्मर १९८७ पासून गूफीला आवाज देत आले आहेत, पण गूफीचा सर्वांत मोठा संवाद हाच, ज्यात त्यांना काही बोलावं लागलं नाही.

मग भांडण होतंच. मोटार ब्रेक न लावता सोडल्यानं घरंगळत नदीत जाते आणि बापलेक टपावर बसून तरंगत एकमेकांवर ओरडतात. मी आता मोठा झालोय, मला माझं आयुष्य आहे, असं मॅक्स म्हणतो. ते मला माहीत आहे, मला त्यात थोडी जागा हवी होती, अशा अर्थाचं काहीतरी गूफी म्हणतो. पुढं धबधबा लागतो आणि मॅक्स बापाला वाचवतो, तोच घराण्याचा गळ टाकून. लॉस एंजेलिसला पोचल्यावर टेविन कॅम्पबेलच्या आवाजात गाणाऱ्या पॉवरलाइनच्या शेजारी, हजारो लोकांसमोर, तीच गिरकी नाच म्हणून सादर होते आणि खुद्द पॉवरलाइन तिची नक्कल करतो. आजोबांनी तळ्याकाठी शिकवलेलं कसब कुठल्या मंचावर कामाला येईल, याचा अंदाज आजोबांना नसतो. ते बरंच आहे, नाहीतर त्यांनी फी लावली असती.

घरी आल्यावर मॅक्स रॉक्सॅनला थापेची कबुली देतो. तिला थापेचं फारसं काही वाटत नाही. ती म्हणते, मला तर तू आधीपासूनच आवडत होतास, पहिल्यांदा तुला तसं हसताना ऐकलं तेव्हापासून. तेच हसू. १९३२ चं, शेंगा खाणाऱ्याचं, स्वप्नात दचकवणारं. आणि नेमक्या या नाजूक क्षणी मोटारीचा स्फोट होऊन गूफी छप्पर फोडून दोघांमध्ये येऊन पडतो. मॅक्स त्याला उठवतो आणि ओळख करून देतो, हे माझे बाबा.

चित्रपटानं अमेरिकेत सुमारे साडेतीन कोटी डॉलर मिळवले. डिस्नीच्या हिशेबात ही चिल्लर. पण तेव्हा व्हिडिओ कॅसेटवर तो पाहिलेली पोरं मोठी झाली, त्यांच्यातली बरीच बापही झाली, आणि त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०२५ साली, तीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा, तो कसा घडला यावर डिस्नीनं स्वतंत्र माहितीपट काढला. मधल्या काळात त्या प्रेक्षकांचं काय झालं ते उघड आहे. आधी ते मॅक्सच्या बाजूनं बघत होते.

चित्रपट ७८ मिनिटांचा आहे. घरात त्या वयाचा मुलगा असेल तर त्याला मुद्दाम बघायला बसवू नका, तो तुमचा लेक डेस्टिनी होईल. तुम्ही आपले एकटे लावा, आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा ठेवा. तो खोलीतून येऊन उभ्या उभ्या थोडा वेळ बघेल. बस, असं म्हणू नका.