खिळा एक, रंग अख्ख्या घराला

'हॉलमधील खिळा (1 नग), त्यामुळे पेंटिंग : 18,000 रुपये.'

आमच्या भाच्याने कोथरूडचा टू बीएचके सोडला, त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या हिशेबातली ही शेवटची ओळ. डिपॉझिट एक लाख, परत आले अठ्ठ्याहत्तर हजार. डुप्लिकेट किल्लीचे 500 आणि 'डीप क्लीनिंग'चे 3,500 आपण सोडून देऊ. घर सोडताना माणूस एवढं सोडतोच. पण एका खिळ्याला अठरा हजारांचा रंग लागतो हे वाचून तुम्ही दचकला असाल, तर तुम्ही स्वतःच्या घरात राहता.

काकांनी (घर दाखवताना मालक काका असतात, हिशेबाच्या दिवशी पुन्हा मालक होतात) खुलासा केला. भोक बुजवलं की तेवढाच ठिपका वेगळा दिसतो, म्हणून भिंत रंगवायची. एक भिंत रंगवली की उरलेल्या तीन जुनाट दिसतात, म्हणून हॉल. हॉल उजळला की बेडरूम कळकट वाटते, म्हणून सगळा फ्लॅट. तर्क बिनतोड आहे. याच हिशेबाने फ्लॅट चकाकल्यावर जिना काळा दिसला असता, जिन्यानंतर बिल्डिंग, बिल्डिंगनंतर शेजारची सोसायटी, आणि चांदणी चौकापर्यंतच्या रंगाचं बिल भाच्याच्या माथी आलं असतं. काका उंबऱ्याशी थांबले, हा त्यांचा मोठेपणा.

खिळा काढला असता तर? तर भोकाचे पैसे. ठेवला तर खिळ्याचे. व्हाइट सिमेंट भरून वर रंगाचा हात मारला असता तर 'शेड मॅच होत नाही' याचे. यातून सुटायचा एकच मार्ग आहे : अकरा महिने कॅलेंडर हातात धरून उभं राहायचं.

आता खरी गंमत. हा खिळा भाच्याने ठोकलेलाच नाही. त्याच्या आधीच्या भाडेकरूचंही डिपॉझिट याच खिळ्यासाठी कापलं गेलं, असं खालच्या वॉचमनने सांगितलं. त्याच्याही आधीच्याचं कापलं होतं. भिंत मात्र तीच, पावसाळ्यात ओल धरून पोपडे सोडणारी. तिला ब्रश लागल्याचं वॉचमनला आठवत नाही. म्हणजे दर भाडेकरूमागे हा खिळा अठरा हजार कमावतो. मुदत ठेवीत एवढा पैसा मिळवायला किती मुद्दल अडकवावं लागेल, बघा. त्यात व्याज उत्पन्नात दाखवावं लागतं. खिळा कुणी दाखवत नाही. पुढेमागे काका फ्लॅट विकतील आणि खिळा स्वतःकडे ठेवतील. मुलीच्या नावावर करतील. पुढे वाटणीत तिचे दोन मुलगे त्या खिळ्यावरून भांडतील आणि तोडगा म्हणून शेजारी दुसरा खिळा ठोकला जाईल.

आणि आता हसू बाजूला ठेवून विचारतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केली की उरलेल्या रकमेवर आयकरात सरळ 30 टक्के सूट मिळते. डागडुजीला म्हणून. एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते, पावती कुणी मागत नाही. म्हणजे रंगाचे पैसे सरकारने एकदा सोडले, तेच काकांनी भाच्याकडून दुसऱ्यांदा घेतले, आणि रंग? रंग कुठे आहे, काका? केंद्राने 2021 साली आदर्श भाडेकरार कायदा आणला. राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, मालकाने ताबा घेताना ते परत. कुणी काय दुरुस्त करायचं याची यादीही त्यात आहे : नळाचा वॉशर, बटणं, सॉकेट भाडेकरूकडे, भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे. कायदा लागू करणं राज्यांच्या मर्जीवर, त्यामुळे तो शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखा वरच्या कोपऱ्यात राहतो आणि खाली गणितं वेगळीच चालतात. उलट मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात दुप्पट भाड्याची तरतूद आहे. रास्तच आहे. पण मालकाने डिपॉझिट दोन महिने दाबून ठेवलं तर काय, याबद्दल भाच्याच्या करारात अक्षर नाही. 'बिनव्याजी' हा शब्द तेवढा ठळक छापलाय.

भाच्याने राहायला येतानाच घराचा व्हिडिओ काढून ठेवला होता. त्यात खिळा लख्ख दिसतो, वर आधीच्या भाडेकरूचं कॅलेंडर लटकतंय. तो व्हिडिओ पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर यायला चार दिवस लागले :

'तो खिळा वेगळा होता.'

भाचा वकिलाकडे गेला. वकिलाने नोटिशीची फी सांगितली. ती अठरा हजारांपेक्षा कमी होती, पण फक्त पहिल्या नोटिशीची.