दोन भोकांमधलं अंतर

ट्रायल्सच्या सायकलला सीट नसते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं बोलणं शांतपणे होईल. भाचीने घेतलेल्या जुन्या सायकलचा फोटो पुण्याला गेला, तेव्हा ताईचा फोन आला तो सीटबद्दलच. "चोरीला गेली का रे?" म्हटलं, नाही, असतच नाही. गिअर नाहीत, मडगार्ड नाहीत, स्टँड नाही, घंटी नाही. चाकं वीस इंची, म्हणजे शाळकरी पोरांच्या सायकलला असतात तेवढी. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. नंतर, "मग पैसे कशाचे घेतले?"

प्रश्न रास्त होता. ट्रायल्स हा सायकलवरून कुठेही न जाण्याचा खेळ आहे. खडक, ओंडके, सिमेंटचे पाइप, लाकडी खोकी असं काहीबाही रचलेलं असतं आणि पाय न टेकवता त्यावरून पलीकडे जायचं असतं. पाय टेकला की दंड. मागच्या एका चाकावर उभं राहून, ब्रेक आवळून, माणूस एका दगडावरून दुसऱ्या दगडावर टुणकन जातो आणि तिथे पुन्हा थरथरत तोल सावरत राहतो. यात बसायचं कधी? ब्रेकने चाक जागच्या जागी धरावं म्हणून ही मंडळी चांगल्या गुळगुळीत रिमवर ग्राइंडर चालवून ती खरबरीत करतात, वर डांबरही घासतात. हे मात्र मी ताईला सांगितलं नाही.

खेळ जन्मला तो मोटारसायकलवाल्यांच्या घरात. स्पेनमधल्या कातालोनियात मोंतेसा नावाची मोटारसायकल कंपनी होती. तिची 'कोता' ही ट्रायल्ससाठी गाजलेली गाडी १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवली ती पेरे पी या माणसाने. स्वतः तो कसलेला खेळाडू. मुलगा ओत अजून मोटारसायकलच्या वयाचा झाला नव्हता, म्हणून बापाने सायकलवर तेच धडे गिरवायची सोय केली. कंपनीने अशा सायकली 'मोंतेसिता' या लाडाच्या नावाने विकल्याही. पुढे पेरे पीने 'मोंटी' हा स्वतःचा सायकलचा उद्योग काढला, आणि ओत सायकलवरच जगज्जेता झाला. मोटारसायकलची तयारी म्हणून जे काढलं होतं त्याचाच खेळ झाला. बापांच्या योजनांचं बहुधा असंच होतं.

आम्ही राहतो त्या एडिंबरामध्ये तर या वेडाला स्थानिक अभिमानाचीही फोडणी आहे. डॅनी मॅकॅस्किल नावाचा, स्काय बेटावरून आलेला, इथल्या एका सायकलच्या दुकानात काम करणारा तरुण. २००९च्या एप्रिलमध्ये त्याच्या दोस्ताने काढलेली फिल्म इंटरनेटवर आली आणि जगभर पाहिली गेली. त्यात तो टोकदार गजांच्या कुंपणावरून सायकल चालवतो. कुंपणाशेजारून नव्हे, वरून. तेव्हापासून या गावातली पोरं कुठल्याही भिंतीकडे, कठड्याकडे, जिन्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर पाहिली की नगरपालिकेच्या माणसाला घाम फुटावा.

तर भाचीची सायकल. आधीचा मालक तिच्याहून चांगलाच बुटका असणार, कारण हँडल तिच्या गुडघ्यांशी सलगी करत होतं. हँडल उंच आणि पुढे हवं होतं, आणि त्यासाठी बदलायला हवा होता स्टेम: चिमट्याची नळी आणि हँडल यांना जोडणारा, वीतभरही नसलेला अॅल्युमिनियमचा तुकडा.

माझ्या लहानपणी पुण्यात ही वस्तू वेगळी अशी नव्हतीच. हँडल म्हणजे हँडल. काळ्या सायकलचं हँडल आणि नळीत उतरणारा त्याचा दांडा एकच अखंड, रॉडच्या ब्रेकसकट. उंची बदलायची तर वरचा बोल्ट सैल करायचा, त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, आतली पाचर सुटायची आणि हँडल हवं तेवढं वर घ्यायचं. आमचा सायकलवाला हे काम पावसाबद्दल बोलता बोलता करायचा. मोजमापाचा संबंध एवढाच की तो विचारायचा, "बास?" आणि आपण म्हणायचं, "बास."

आताच्या स्टेमला दोन भोकं असतात. मागचं चिमट्याच्या नळीला बाहेरून मिठी मारतं, पुढचं हँडल धरतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आटे नसलेल्या नळीची ही पद्धत रुजत गेली. त्याआधी आट्यांची नळी, तिच्यावर दोन मोठे नट आणि ते फिरवायला बत्तीस किंवा छत्तीस नंबरचे पसरट पाने लागत. नव्या पद्धतीत एक अॅलन की पुरते. एवढं सोपं झाल्यावर माणसांनी माप अवघड करून ठेवलं.

अकरावीत आम्हा सगळ्यांना फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला व्हर्निअर कॅलिपर दिलं होतं. त्याने आम्ही एका लोखंडी गोळीचा व्यास मोजला, जर्नल पूर्ण केलं आणि त्या यंत्राशी संबंध तोडले. ते पुन्हा आयुष्यात येईल असं वाटलं नव्हतं. आलं. मी नवं विकत घेतलं, हँडलला लावलं आणि मला भाचीच्या डोळ्यांत या देशात आल्यापासून प्रथमच थोडा आदर दिसला. "मामा, तुला हे येतं?"

मागच्या भोकाचा व्यास २८.६ मिलिमीटर निघाला. पुढचं भोक बाजारात २२.२, २५.४, २६, ३१.८ आणि ३५ अशा मापांत येतं. हे आकडे कुणी झोपेत ठरवले असं वाटतं, पण इंचात वाचले की शहाण्यासारखे वागतात. २२.२ म्हणजे सात अष्टमांश इंच. २५.४ म्हणजे एक इंच. ३१.८ म्हणजे सव्वा इंच. २८.६ म्हणजे एक इंच आणि वर त्याचा आठवा भाग. जगाने इंच हद्दपार केला म्हणतात. तो गेला नाही, मिलिमीटरच्या नावाने इथेच राहतो आणि भाडंही भरत नाही.

फ्रेंचांनी मात्र त्याला दारात उभं केलं नव्हतं. त्यांच्या जुन्या सायकलींची नळी बरोबर २५ मिलिमीटरची आणि तिच्या आत जाणारा दांडा २२चा. बाकीच्यांचा दांडा २२.२. या दोन दशांश मिलिमीटरसाठी जुन्या फ्रेंच सायकली सांभाळणारी माणसं आजही पॉलिश पेपर घेऊन दांडे घासत बसतात. इटालियनांना दोन्ही पक्ष नापसंत, म्हणून त्यांनी हँडल २६चं केलं. त्यांतल्या चिनेलीला २६देखील सामान्य वाटलं असावं. तिची जुनी हँडलं २६.४ची आहेत. अशा वेळी कधी कधी वाटतं, युरोपचा इतिहास शिकवायला लढाया कशाला हव्यात, नुसती भोकं पुरतील.

गंमत म्हणून हे ठीक आहे, पण २५.४ आणि २६ यांच्यात फरक सहा दशांश मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही. २६च्या स्टेममध्ये २५.४चं हँडल बसतं, बोल्ट आवळले जातात, सगळं घट्ट लागतं. रोजच्या सायकलवर पुढे कधीतरी ते कुरकुरेल. ट्रायल्सच्या सायकलवर माणूस छातीएवढ्या उंचीवरून उतरतो तेव्हा सगळं वजन दोन तळहातांवर येतं, आणि त्या क्षणी हँडल गर्रकन फिरलं तर पुढे काय होतं ते लिहायची माझी तयारी नाही. ताई हे वाचते.

त्यात आकडेही एकमेकांचे कपडे घालून फिरतात. २५.४ हे हँडलचंही माप आणि जुन्या नळीचंही. ३१.८ हे आजच्या हँडलचं प्रचलित माप, पण सव्वा इंची नळ्याही एके काळी होत्या. म्हणजे विकणाऱ्याने नुसतं "३१.८" म्हटलं की विचारायचं, पुढचं की मागचं? आणि विकणारा जर तुमच्याइतकाच अनभिज्ञ असेल, तर तो आत्मविश्वासाने सांगतो, "दोन्ही."

दुकानात गेलं तर वेगळीच तऱ्हा. ट्रायल्स म्हटलं की समोरच्याला ट्रेल ऐकू येतं. तो प्रेमाने डोंगराळ वाटांच्या सायकलचा स्टेम काढून देतो: पस्तीस, चाळीस, फार तर पन्नास मिलिमीटर लांब. सध्या त्या सायकलींची फॅशन आखूड स्टेमची आहे. भाचीला हवा होता १५०चा. तो आकडा ऐकल्यावर एका दुकानदाराने मला इतक्या मायेने विचारलं, "नक्की?" की मीच क्षणभर डळमळलो. धातूची एक गोल पट्टीही त्याने पुढे केली, २५.४चं हँडल ३१.८च्या भोकात बसवायची. हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आपण कागदाची घडी सारतो, त्यातलाच हा प्रकार. टेबलाला चालतो. टेबल दगडांवरून उड्या मारत नाही.

इथपर्यंत मी कामाचा माणूस होतो. भोकांचा प्रश्न हो-नाहीचा असतो; व्हर्निअर बोलतं आणि वाद मिटतो. पण स्टेमला तिसरं एक माप असतं, दोन भोकांमधलं अंतर आणि त्याचा चढ. ट्रायल्सवाले ते एका दमात सांगतात: दीडशे पस्तीस. म्हणजे लांबी १५० मिलिमीटर, चढ ३५ अंश. आता हे ३५ अंश जमिनीपासून नव्हेत, नळीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपासून. नळी स्वतःच मागे कललेली, साधारण अठरा अंशांनी. ते मिळवा, तर स्टेम जमिनीशी त्रेपन्न अंशांचा कोन करून वर जातो. मी कागदावर साईन-कोसाईन मांडले (तेही अकरावीनंतर पहिल्यांदाच) आणि निष्पन्न असं झालं की हा तुकडा हँडलला जवळपास बारा सेंटीमीटर वर आणि नऊ सेंटीमीटर पुढे नेतो. चढ पाच अंशांनी कमी केला, तर हँडल एक सेंटीमीटर पुढे जातं आणि जवळजवळ तेवढंच खाली येतं.

मी विजयी मुद्रेने कागद तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "बरं. पण मला कुठला बरा पडेल?"

कागदाला हे ठाऊक नव्हतं. मग आम्ही तज्ज्ञांकडे गेलो, म्हणजे रविवारी सकाळी दगडांवर जमणाऱ्या पोरांकडे. एकाचं म्हणणं, उंच आणि जवळ घे, मागच्या चाकावर तासन् तास उभी राहशील. दुसऱ्याचं म्हणणं, लांब घे, ओढायला जोर मिळतो आणि पुढचं चाक वरच्या कडेवर टाकायला सोपं जातं. तिसरा रस्त्यावरच्या करामती करणारा, चोवीस इंची चाकांची सायकल बाळगणारा. त्याला हे सगळे स्टेम शिडीएवढे वाटतात. तिघेही उत्तम चालवत होते. तिघांच्याही नडगीवर एकाच जागी पेडलचे ओरखडे होते, तेवढंच त्यांच्यात मतैक्य.

शेवटी त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. वाद तसाच सोडून प्रत्येकाने आपली सायकल तिच्या हातात दिली. आपण आपलं पेनसुद्धा टोपण काढून ठेवून मग देतो. ही पोरं महिन्यांच्या बचतीतून उभी केलेली सायकल अनोळखी मुलीला देत होती, तीही दगडावर आपटायला. भाची एकीवर चढली, ब्रेक धरून दोन उड्या मारल्या, उतरली. "ही नको." का? "अशीच." दुसरी. "ही पण नको. मान अवघडल्यासारखी होते." तिसरीवर ती चढली आणि बोललीच नाही, खडकाच्या कडेवर जाऊन मागच्या चाकावर उभी राहिली, इतका वेळ की सायकलचा मालक अस्वस्थ होऊन पायावर पाय बदलू लागला. मी स्टेमवरचा आकडा वाचला: दीडशे पस्तीस. माझी बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण ती बरोबर आहे हे सांगायला एक पाठ, दोन मनगटं आणि एक खडक लागला.

वापरलेला तसाच स्टेम त्याच पोरांच्या ओळखीने मिळाला. २८.६ आणि २५.४. व्हर्निअर लावून खात्री केलीच. बसवताना पुन्हा एक धाकधूक होती, कारण चिमट्याची नळी आधीच्या मालकाने आपल्या मापाने कापलेली, आणि कापलेली नळी कुणाच्या नवसाने वाढत नाही. ती पुरली. तिचं टोक स्टेमच्या वरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहावं लागतं, तेवढंच राहिलं. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवतो असा सर्वसाधारण समज आहे. तो फक्त बेअरिंगमधला खडखडाट काढतो. धरण्याचं खरं काम मागचे दोन आडवे बोल्ट करतात आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. मी पाच न्यूटन-मीटरवर पाना लावून सगळे बोल्ट आळीपाळीने आवळले. समोरच्या पट्टीची फट वर-खाली सारखी आहे ना, ते तपासलं. भाची मागे उभी राहून "झालं का" म्हणत होती.

झालं होतं. तिने हँडल एकदा डावीकडे वळवलं, एकदा उजवीकडे, आणि थांबली. ब्रेकची नळी ताणली गेली होती. साहजिकच, हँडल इतकं वर गेल्यावर ती कुठून पुरणार? हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे नवी नळी, नवं जोडकाम, नवं तेल, आतली हवा काढणं.

"तेल नको," भाची म्हणाली. "पाणी भरू. इथे पुष्कळ जण पाणीच भरतात."

"ब्रेकमध्ये? पाणी?"

"तेलापेक्षा पातळ असतं ना. लीव्हर पटकन चालतो."

"आणि जानेवारीत गोठलं म्हणजे?"

"गाडीतलं अँटिफ्रीझ घालायचं त्यात."

मी व्हर्निअरच्या शेजारी पडलेलं पेन उचललं, कागद ओढला. "किती प्रमाणात?"

"अंदाजे."